एक्केचाळीस नंबरचा रेणू

२ जानेवारी, सकाळी ९
नवी वही. संकल्प तीनच. एक, या वर्षी कॅन्सरवरचं औषध पूर्ण करायचं. दोन, मूर्खांशी वाद घालायचा नाही. तीन, रोज चालायला जायचं. तिसरा उद्यापासून, कारण बूट सापडत नाहीत. दुसरा अवघड आहे, कारण लॅबमध्ये जावंच लागतं.

वही फक्त माझ्यासाठी आहे. कोणाला दाखवणार नाही. उद्या कोणी माझं चरित्रच लिहायला घेतलं तर बघू.

५ जानेवारी
विषय सोप्या भाषेत लिहून ठेवतो. पुढे भाषणात उपयोगी पडेल, श्रोते साधारणच असतात.

कॅन्सरची पेशी अधाशी असते. तिच्या भिंतीत प्रोटीनची दारं असतात, त्यांना ट्रान्सपोर्टर म्हणतात. बाहेरचं अन्न आत न्यायचं हे त्यांचं काम. आमच्या ट्रान्सपोर्टरच्या पोटात एक खोबण आहे. अन्नाचा कण खोबणीत बसतो, बाहेरचं तोंड मिटतं, आतलं उघडतं, कण आत. आता खोबणीत असा एखादा रेणू बसवला की जो हलणारच नाही, तर दार अडकून बसेल आणि पेशी उपाशी मरेल. संपला विषय. त्यासाठी खोबण दिसावी लागते. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने लाखो फोटो काढायचे, कॉम्प्युटरने ते जुळवून नकाशा करायचा आणि खोबणीच्या मापाने औषध बेतायचं. शिंपीकामच, फक्त डोकं लागतं. म्हणून हे काम मी करतो.

आमच्या ज्युनिअरला हे सगळं समजावून सांगितलं. बुटकी आहे आणि सतत काहीतरी वाहून नेत असते, म्हणून मी तिला मनातल्या मनात मुंगी म्हणतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की तिची पीएचडी याच ट्रान्सपोर्टरवर आहे. नम्रता म्हणून नाही या पिढीत.

११ जानेवारी, दुपारी
नकाशा आला! खोबणीत काहीतरी बसलेलं दिसतंय. लांबट ढेकूळ. पुढे जाडसं डोकं, मागे लांब शेपूट. चार मिनिटांत ओळखलं, हा अन्नाचा कण. दारातून जाता जाता आमच्या तावडीत सापडलेला.

मुंगीने अक्कल पाजळली. म्हणे हा साबण असू शकेल. ट्रान्सपोर्टर पेशीच्या स्निग्ध भिंतीत रुतलेला असतो, तो सोडवायला साबण लागतो (लॅबमधला, अतिशुद्ध, पण साबणच). त्याचे रेणू प्रोटीनला कुठेही चिकटून बसतात, डोकं जाड आणि शेपूट लांब. दुसऱ्या प्रकारचा साबण वापरून पुन्हा नकाशा काढू, ढेकूळ गेलं तर साबण, राहिलं तर अन्न. मी विचारलं, किती दिवस लागतील? म्हणाली तीन महिने. तीन महिने, आंघोळीच्या साबणावर! साबण कोणता हा मोरीतला प्रश्न आहे, संशोधनातला नव्हे, असं मी सगळ्यांसमोर सुनावलं. सर अर्धवट हसले. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. त्यांचं सगळंच अर्धवट असतं.

१२ जानेवारी
निर्णय घेतला. ढेकळाचा आकार जसाच्या तसा गिरवायचा आणि तसाच रेणू बनवून घ्यायचा. आजवरचे माझे चाळीस रेणू खोबणीत टिकले नाहीत. त्यात माझी चूक नव्हती, खोबणीला काय हवंय हे तिने कधी सांगितलंच नव्हतं. आता सांगितलंय. हा एक्केचाळीसावा.

बूट सापडले. घट्ट होतात.

२१ जानेवारी, रविवार
ताईचा फोन. रिपोर्ट आले. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन करून काढलं होतं ते पुन्हा आलंय. दूध उतू गेलं हे सांगावं तशा आवाजात तिने सांगितलं. डॉक्टर म्हणतात केमो लगेच सुरू करायची.

आई गेल्यावर मला ताईनेच वाढवलं. अक्षर थोडं हलतंय, पेन खराब आहे.

मग मी सावरलो आणि तिला म्हटलं, थांब. दोनच महिने थांब. केमो म्हणजे कुऱ्हाड, माझं औषध म्हणजे कुलूप. केस जाणार नाहीत, उलट्या होणार नाहीत. तिने विचारलं, किती माणसांना दिलंय आतापर्यंत? मी म्हटलं, असं विचारत नाहीत. मग किती उंदरांना? ताई शाळेत तीस वर्षं गणित शिकवायची, आकड्यांच्या पलीकडे नजर जात नाही तिची. औषध अजून बनायचंय, असं मी स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, बरं.

म्हणजे थांबायला तयार झाली. नियम, चाचण्या, परवानग्या वगैरे असतात याची मला कल्पना आहे. ते सामान्य औषधांसाठी.

हिला सांगितलं की ताईला थांबवलंय. ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बायकोचा आदर असा न बोलताच कळतो.

१ फेब्रुवारी
हिने आज रजा घेतली. ताईकडे जायचंय म्हणाली. सकाळी आठला गेली ती संध्याकाळी आली आणि न जेवता झोपली. बाजारात फिरल्या असतील दोघी. मी गार जेवण जेवलो. कॅन्सरशी लढणाऱ्या माणसाच्या घरची ही अवस्था.

१४ फेब्रुवारी, सकाळी ११
वरच्या मजल्यावरच्या केमिस्टने एक्केचाळीस बनवून दिला. महिना लावला. माणूस तोंड पाडूनच जन्माला आलाय. बाटलीतलं द्रावण माझ्यासमोर हलवून दाखवलं. आत भरपूर फेस. टेबलावर ठेवली, पाच मिनिटं झाली तरी फेस बसेना. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. म्हणाला, याची रचना मला कशाची तरी आठवण करून देते. मी म्हटलं, असेल, चांगल्या गोष्टी ओळखीच्याच वाटतात.

पाण्यात पाहतात मला सगळे.

२० फेब्रुवारी
कॉम्प्युटरवर एक्केचाळीस खोबणीत बसवून पाहिला. तंतोतंत. जिथे डोकं तिथे डोकं, जिथे शेपूट तिथे शेपूट. मुंगी म्हणाली, ढेकळावरून गिरवलेला रेणू ढेकळाच्या जागी बसणारच. बरोबर. मग अडचण काय आहे मुंगीची?

६ मार्च
विजय!! कॅन्सरच्या पेशी मेल्या. सगळ्या. दहा मिनिटांत.

पेशी सांभाळणारा आमचा एक सहकारी आहे, दिवसभर त्यांच्या प्लेटा कुरवाळत बसतो. त्याला आनंद होईना. म्हणे पेशी उपाशी मरायला निदान दोन दिवस लागतात, या दहा मिनिटांत कशा मेल्या? मी म्हटलं, उपास सगळ्यांना झेपत नाही. मग म्हणाला, प्लेट इतकी स्वच्छ निघालेली त्याने कधी पाहिली नव्हती. जन्मात पहिल्यांदा कौतुक केलं माझं.

७ मार्च
त्याने मला न विचारता निरोगी पेशींवरही एक्केचाळीस टाकला. त्याही मेल्या. मग ज्या पेशींमध्ये आमचा ट्रान्सपोर्टरच नाही अशांवर टाकला. त्याही. हा लगेच सरांकडे. उत्साह नको तिथे.

माझं उत्तर लिहून ठेवतो. एक, निरोगी पेशी खरंच निरोगी होत्या का? दोन, त्यांची निगा कोण राखतं? हाच ना? तीन, डोस जास्त झाला असेल. औषध फार ताकदवान असलं की असं होतं. सरांना हे सांगितलं. त्यांनी कपाळ चोळलं. डोकेदुखी असते त्यांना.

१८ मार्च, रविवार
ताईला फोन केला. पेशी कशा मेल्या ते सविस्तर सांगितलं, जवळजवळ पाऊण तास. ती फारसं बोलली नाही, आवाज खोल गेलेला वाटला, झोपमोड झाली असावी. शेवटी एवढंच विचारलं, ज्या मरायला नको होत्या त्या राहिल्या का? पुन्हा गणित. मी म्हटलं, ते बारकावे आहेत. ती म्हणाली, फार दगदग करू नकोस. मला म्हणते! मग म्हणाली तोंडाला चव नाही, अन्न जात नाही. मी म्हटलं, चालायला जात जा, भूक लागते. माझा स्वतःचा संकल्प तोच आहे.

जानेवारीत तिला सांगितलेले दोन महिने आजच्या आसपास संपतात. आणखी एक महिना मागून घेतला. ती म्हणाली, घे की.

२ एप्रिल, दुपारी ४
एक्केचाळीस घातलेल्या नमुन्याचा नकाशा आला. खोबणीत बसलाय!! सिंहासनावर बसावा तसा. जानेवारीतल्या ढेकळाच्या जागी, त्याच आकाराचा, केसाचा फरक नाही. मी लॅबमध्ये टाळ्या वाजवल्या. बाकी कोणी वाजवल्या नाहीत.

मुंगीने दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले आणि म्हणाली, फरक नाही हीच तर भानगड आहे. प्रत्यक्ष बनवताना एक्केचाळीसची शेपूट ढेकळापेक्षा जराशी आखूड झालीय, म्हणजे थोडा तरी फरक दिसायला हवा. अजिबात फरक नाही याचा अर्थ एक्केचाळीस आत गेलेलाच नाही, जानेवारीत जे बसलं होतं तेच अजून बसलंय. माणसाने किती नाकाने कांदे सोलावेत!

सरांनी दोन गोष्टी ठरवल्या. नऊ मे रोजी मुख्य कार्यालयाची समिती येणार, प्रोजेक्ट चालू ठेवायचं की गुंडाळायचं ते ठरवणार. समितीसमोर मी बोलायचं. इथवर ठीक. दुसरी, मुंगीने फेब्रुवारीपासून फावल्या वेळात दुसऱ्या साबणाने नमुना बनवत आणलाय म्हणे, तिला मायक्रोस्कोपचे दोन दिवस द्यायचे. माझ्या पाठीमागे साबण! मी कडाडून विरोध केला. सर हो म्हणून बसले होते, मग मीही मोठ्या मनाने परवानगी दिली.

१० एप्रिल
भाषणाची तयारी. चौसष्ट स्लाइड्स. पहिलीवर माझा फोटो, हाताची घडी घातलेला. ही म्हणाली फोटो कशाला? हिला मी मोठ्या कामाबद्दल काही सांगणं सोडून दिलंय. हल्ली सारखी दमलेली असते, चिडते. काही विचारायला जावं तर म्हणते, विचार की, विचार एकदा. काय विचारू तेच कळत नाही. तेव्हा विचारलं नाही.

२९ एप्रिल, रविवार
ताईला सांगितलं, नऊ मे. त्यानंतर दोन-चार आठवड्यांत तुझ्या डॉक्टरशी मीच बोलतो. ती म्हणाली, कशाला, तो बिचारा कामात असतो. भाषणाला निळा शर्ट घाल म्हणाली. निळा होत नाही आता.

७ मे, संध्याकाळी ५
मुंगी आली. दार लावलं. बसली.

दुसऱ्या साबणातला ट्रान्सपोर्टर. एक नकाशा नुसता, एक एक्केचाळीस भरपूर घालून. दोन्हींत खोबण रिकामी. घासूनपुसून ठेवल्यासारखी. ढेकूळ नाही, डोकं नाही, शेपूट नाही. एक्केचाळीस कुठेच नाही, आखूड शेपटीने तो टिकलाच नाही.

तिने दोनच वाक्यं सांगितली, आवाज न चढवता. जे जानेवारीत दिसलं तो साबण होता, आणि त्यावर बेतलेला एक्केचाळीस हाही साबणच आहे. पेशी उपाशी मेल्या नाहीत, विरघळल्या.

नंतर म्हणाली की अजून सरांना सांगितलेलं नाही, मला स्वतःला सांगायचं असेल तर ती उद्यापर्यंत थांबेल. मी म्हटलं, नकाशात चूक असेल. म्हणाली, तीनदा तपासला. मी म्हटलं, साबण चुकीचा असेल. ती उठली. जाताना दार हळू ओढून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

कारणं लिहितो. एक, खोबणीने दिशाभूल केली. दोन, मला वेळेवर कोणी ठामपणे सांगितलं नाही. तीन

ताई.

८ मे
ऑफिसला गेलो नाही. पोट बिघडलंय असं कळवलं.

एकवीस जानेवारीपासून आजपर्यंत एकशे सात दिवस. तिला डॉक्टरने लगेच म्हटलं होतं. मी थांब म्हटलं. एकशे सात दिवस ती माझ्या शब्दावर बसून आहे आणि आत ते वाढतंय. साबणासाठी.

फोन चार वेळा हातात घेतला. एकदा लागला, मी ठेवला. तिचा उलटा आला, उचलला नाही. मला भीती वाटते. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो, सरांची नाही, समितीची नाही, तिची वाटते. ओरडली तर चालेल. बरं म्हणाली तर काय करू?

९ मे
भाषण मुंगीने केलं. सरांनी ऐन वेळी तसं ठरवलं. मी मागच्या रांगेत, शेपूट घालून. तिने साबणाची गोष्ट पहिल्याच स्लाइडवर सांगून टाकली, कोणाचं नाव न घेता. आमचं चुकलं, असं म्हणाली. आमचं! जानेवारीपासून एकटी वेगळं सांगत होती ती. समितीतल्या म्हाताऱ्याने तिला अर्धा तास प्रश्न विचारले, आणि रिकाम्या खोबणीचा इतका स्वच्छ नकाशा आजवर कोणी काढला नव्हता, आता कुठे औषध बेतायला सुरुवात करता येईल, असं म्हणून प्रोजेक्ट चालू ठेवलं. प्रमुख मुंगी. मी तिच्या हाताखाली.

चहाच्या वेळी म्हाताऱ्याने मला विचारलं, या प्रोजेक्टमध्ये तुमचा भाग कोणता? मी म्हटलं, शेपूट. बिस्किट घेऊन निघून गेला.

मुंगी म्हणाली, सोमवारपासून आजवर वापरलेल्या साबणांची यादी करायला घ्याल का? मी हो म्हटलं. काय म्हणणार?

१२ मे
ताईला काय सांगायचं ते लिहून काढलं. पहिला मसुदा चार पानं, त्यात खोबणीबद्दल तीन. फाडला. दुसरा दोन पानं. हिला वाचून दाखवणार होतो. हिने मध्येच थांबवलं आणि म्हणाली, फोन करू नकोस, जा. तिच्या घरी जा. जानेवारीपासून एकदा तरी गेलायस का? कामात होतो, असं म्हणणार होतो. म्हटलं नाही.

१३ मे, रविवार, संध्याकाळी ६
गेलो.

दार ताईनेच उघडलं. डोक्यावर एक केस नाही. भुवया नाहीत. मनगटं माझ्या दोन बोटांत मावतील एवढी. मला वाटलं आजार इतका वाढला, आणि दारातच रडायला लागलो. सगळं बोलून टाकलं, मसुदा खिशातच राहिला. की औषध नाही. कधीच नव्हतं. साबण आहे. मी तुला थांबवलं, माझ्यामुळे झालं हे, उद्याच्या उद्या डॉक्टरकडे चल, पाया पडतो.

तिने मला आत घेतलं आणि बसवलं. मग टेबलावरची फाइल उघडून दाखवली. पहिली केमो एक फेब्रुवारीला झाली. दर तीन आठवड्यांनी एक. पाच झाल्या. प्रत्येक वेळी माझी बायको बरोबर. परवाच्या स्कॅनमध्ये गाठ निम्म्याहून लहान झालीय.

म्हणजे थांबलीच नाहीस? असं मी विचारलं. माझा आवाज जरा नाराज लागला असावा. ती म्हणाली, तुझ्या भरवशावर कोण थांबणार होतं? वेडा आहेस का?

मग बरं का म्हणालीस? दर रविवारी औषधाचं का ऐकून घेत होतीस? ती जराशी हसली, ओठ फुटलेत तिचे, फार हसता येत नाही. म्हणाली, आठवडाभर जो येतो तो विचारतो कशी आहेस, काय खाल्लंस, किती उलट्या झाल्या. आठवड्यातून एक तरी फोन असा हवा होता ज्यात मी कशी आहे हे कोणी विचारत नाही. तू एकदाही विचारलं नाहीस.

तिने कौतुक केलं की काय केलं, हे अजून कळलेलं नाही.

मग मी विचारलं, कशी आहेस? म्हणाली, झालं, तूही सुरू झालास.

सहावी आणि शेवटची केमो सतरा तारखेला. हिची रजा संपलीय, तेव्हा ताईने विचारलं, तुला आता लॅबमध्ये फारसं काम नसेल ना, तू नेशील का? सकाळी पावणेनऊला निघायचं, पाच तास बसावं लागतं, बरोबर पाण्याची बाटली आणि एक शाल. एकच अट घातली. तिथल्या नर्सला काही समजावून सांगायचं नाही.

मान्य केलं.